भूत म्हणजेच दुसरा भाग

गणपतीच्या दिवसांत आमच्या गावात रात्रीचा व्हिडिओ आणायचे. गाव जैनथ मंडलातलं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठाचं. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. आदिलाबादहून भाड्याने रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी यायच्या. त्यातली कोणती आधी लावायची यावर दरवर्षी भांडण व्हायचं. गावात निम्मी घरं मराठी, निम्मी तेलुगू. शेवटी तोडगा ठरलेला असायचा : आधी चिरंजीवीचा तेलुगू पिक्चर, मग मराठी, आणि पहाटेकडे हिंदी. तोवर जागं असायचं ते फक्त टीव्हीवाल्याचं पोरगं. त्याला कॅसेटी मोजून परत न्यायच्या असत.

१९९५ च्या आसपासच्या एका गणपतीत मराठी कॅसेट निघाली ती ‘झपाटलेला’ची. रात्रीचा एक वाजला असेल. माणसं पोत्यांवर, सतरंजीवर, बैलगाडीच्या दांडीवर बसलेली. पडद्यावर तात्या विंचूने पहिल्यांदा मान फिरवली, आणि माझ्या शेजारी बसलेले तेलुगू मामा आमच्याआधी हसले. मराठी त्यांना बाजारापुरतीच यायची. पण बाहुल्याचं आखडलेलं चालणं, त्या खोल गेलेल्या डोळ्यांतली खुन्नस आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या लक्ष्याचा उडालेला थरकाप याला भाषा लागत नव्हती. हसता हसता त्यांनी मांडीवरच्या नातवाला घट्ट धरलं होतं. तेही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने माझ्या धाकट्या बहिणीची चिंध्यांची बाहुली उचलली आणि भांड्यांच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. रात्री सगळ्यांत जोरात हसणाऱ्यांत आजी होती. आम्ही तिला चिडवलं, तर म्हणाली, ‘‘हासू येते तवर ठीक हाय. पन तिचं तोंड तिकडंच राहू द्या.’’

या पुस्तकात मी जे शोधत फिरलो आहे, ते आजीच्या या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी आहे. हसू येतं म्हणजे भीती गेली, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर हॉरर-कॉमेडी एकदाच बघून भागलं असतं. माणसं ती दहादा बघतात, संवाद पाठ करतात, पोरांना दाखवतात, वीस वर्षांनी तिचा दुसरा भाग आला की तक्रार करत का होईना तिकीट काढतात. हसूनही जी भीती फळीवर शिल्लक राहते, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो, असं मला वाटतं.

आधी शब्दाकडे बघू. ‘झपाटलेला’ आणि ‘पछाडलेला’. मराठीतल्या दोन सर्वांत गाजलेल्या हॉरर-कॉमेडींची ही नावं. दोन्ही महेश कोठारे यांच्या, एक १९९३ ची, दुसरी २००४ ची. या नावांत भूत नाही. भूत ज्याला लागलं त्याचं ते वर्णन आहे. ‘स्त्री’, ‘मुंज्या’, ‘चंद्रमुखी’, ‘कांचना’ ही नावं भुताची, निदान ज्याची भीती घालायची त्याची आहेत. मराठीने मात्र बिचाऱ्या माणसावर नजर ठेवली. शिवाय ही दोन्ही क्रियापदं आपण भुताबाहेरही सर्रास वापरतो. कोणी वाचनाने झपाटलेला असतो, कोणी क्रिकेटने पछाडलेला. इंग्रजीतून आलेला ‘कल्ट’ हा शब्द सिनेमाला लावला जातो तेव्हा त्यातून नेमकी हीच अवस्था सांगायची असते. कल्ट सिनेमा तिकीटबारीच्या आकड्यांवर ठरत नाही. त्याने झपाटलेली माणसं किती, त्यावर ठरतो. अमेरिकेत १९७५ साली आलेला ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ सुरुवातीला पडला, आणि मग मध्यरात्रीच्या खेळांना पात्रांचे कपडे घालून येणाऱ्या, पडद्याला उलट उत्तरं देणाऱ्या प्रेक्षकांनी तो दशकानुदशकं जिवंत ठेवला. आमच्याकडे मध्यरात्रीचा खेळ गणपतीच्या मांडवासमोर व्हायचा, आणि पडद्याला उत्तरं द्यायला कोणाला शिकवावं लागत नसे.

मराठी हॉरर-कॉमेडीचा प्रवास मला एका नटाच्या पावलांनी नीट दिसतो. तो नट म्हणजे दिलीप प्रभावळकर. १९८२ साली द. मा. मिरासदारांनी लिहिलेला ‘एक डाव भुताचा’ आला. त्यात अशोक सराफ भूत आणि प्रभावळकर मास्तर. भूत जुन्या काळातलं, शूर, बोलघेवडं. मास्तर घाबरट. त्या भुताशी हळूहळू मैत्री जमते आणि ते मास्तरांच्या अडचणी सोडवायला लागतं. मिरासदारांच्या खेड्यातल्या गप्पांचा रंग त्या सिनेमाला आहे. पारावर बसून कोणी सांगावं आणि ऐकणाऱ्यांनी अर्धं खरं, अर्धं खोटं मानत ऐकावं, तसा. अकरा वर्षांनी ‘झपाटलेला’त तेच प्रभावळकर तात्या विंचू होऊन येतात. आणि ‘पछाडलेला’त इनामदार भुसनळे. मधल्या काळात घाबरणारा माणूस घाबरवणारा झाला. याच माणसाने रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीणही रंगवली होती. समोर बसलेली पोरं किंचाळतात आणि तरी खुर्ची सोडत नाहीत, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

तात्या विंचूचं मूळ परदेशी आहे, हे कोणी लपवलेलं नाही. १९८८ चा अमेरिकी सिनेमा ‘चाइल्ड्स प्ले’ त्यामागे आहे. मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरलेला गुन्हेगार आणि माणसाचं शरीर मिळवण्याची त्याची घाई तिथलीच. पण इकडे आणताना कोठारे यांनी दोन गोष्टी अशा केल्या की मूळ पुसलं गेलं. पहिली म्हणजे नाव. ‘तात्या’ हे आपल्याकडे वडिलांना, काकांना, गावातल्या वडीलधाऱ्याला म्हणतात. त्याला ‘विंचू’ जोडला की घरातलाच कोणीतरी नांगी काढून उभा राहतो. या नावात निम्मा विनोद आहे आणि निम्मी भीती, आणि दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे शब्दभ्रम. अमेरिकी बाहुला हे दुकानातलं खेळणं होतं. इथे तो बोलक्या बाहुल्यांच्या खेळातला बाहुला झाला. तो घडवला आणि हलवला रामदास पाध्ये यांनी. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला ‘अर्धवटराव’ महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. बोलका बाहुला बोलला तर लोकांना नवल वाटत नाही, कारण बोलणं हेच त्याचं काम. लक्ष्याची सगळी पंचाईत इथे आहे. तो खरं सांगतो आणि लोकांना ती त्याची कलाच वाटते.

लक्ष्मीकांत बेर्डे यांनी भीती कशी दाखवली, यावर पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे. इथे एवढंच सांगतो की त्यांचा लक्ष्या घाबरला की त्याचं सगळं शरीर वेगवेगळ्या दिशांना पळायला बघतं. गुडघे मागे, हात पुढे, जीभ तिसरीकडे. हिंदीत हाच सिनेमा ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने डब होऊन गेला. आवाज बदलला तरी ते गुडघे बदलले नाहीत. आमच्या तेलुगू मामांना कळलं होतं ते हेच.

आता या जिल्ह्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हे पुस्तक मुंबई-पुण्यात बसून लिहिलं असतं तर वेगळं झालं असतं. आदिलाबाद, जुन्या माणसांच्या तोंडचं एदलाबाद, निजामाच्या राज्यातलं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि उरलेला आंध्र प्रदेशात. २०१४ साली तेलंगण झालं, २०१६ साली जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. आमच्याकडे मराठी घरात, तेलुगू शाळेत आणि कचेरीत, उर्दू मिसळलेली हिंदी बाजारात, आणि उटनूर-इंद्रवेल्लीकडे गेलं की गोंडी आणि कोलामी. त्यामुळे भुतांची बाबही गुंतागुंतीची. मराठीत चकवा लागतो, झोटिंग असतं, पिंपळावर मुंज्या असतो. तेलुगूत सगळ्यांना मिळून ‘दय्यम’ म्हणून भागतं. मात्र एक शब्द दोन्हीकडे जवळपास सारखा आहे : आपली भानामती, त्यांची बाणामती. त्या शब्दाकडे मी शेवटी येणार आहे.

दिवाळीच्या सुमारास इथल्या राजगोंडांच्या गावांत दंडारी निघते. त्यात गुसाडी असतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, नकली दाढी, हातात काठी. कनक राजू यांनी मार्लवाईत ही कला जपली, शिकवली. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले. गुसाडी ही गोंडांच्या श्रद्धेची गोष्ट आहे. तिला हॉरर-कॉमेडी म्हणणं मूर्खपणाचं होईल. पण लहानपणी पहिल्यांदा गुसाडी बघताना मी आईच्या पदराआड लपलो होतो आणि तिथून डोकावून हसत होतो, हे खरं आहे. दचकणं, हसणं आणि हात जोडणं ही तिन्ही एकाच अंगणात एकाच वेळी होऊ शकतात, हे मला सिनेमाआधी तिथे कळलं.

सिनेमाच्या बाबतीत सीमेवरच्या माणसाचा एक फायदा असतो. मराठी सिनेमासाठी आम्ही डोल्लाऱ्याच्या पुलावरून पाटणबोरीमार्गे पांढरकवड्याला जायचो, आणि तेलुगू सिनेमा दारातच होता. त्यामुळे २०१३ हे वर्ष मला दोन्ही बाजूंनी आठवतं. इकडे ‘झपाटलेला २’ आला आणि तिकडे ‘प्रेम कथा चित्रम्’. नाव प्रेमकथेचं आणि आत भुताचा धुडगूस. त्या सिनेमाने तेलुगूत हॉरर-कॉमेडीची लाटच आणली. पुढच्या वर्षी ‘गीतांजली’, २०१५ ला ‘राजू गारी गदी’. २०१७ ला आलेला ‘आनंदो ब्रह्मा’ मला या सगळ्यांत चलाख वाटतो. त्यातली भुतं घराची मूळ माणसं आहेत आणि त्यांच्या घरात राहायला आलेली चार माणसं अशी आहेत की भूत काही केल्या त्यांना घाबरवू शकत नाही. बिचारी भुतंच रडकुंडीला येतात. तमिळमधून तेलुगूत येणारी राघव लॉरेन्स यांची ‘मुनी’ आणि ‘कांचना’ मालिकाही आमच्या थिएटरांना चांगली ओळखीची. २०११ च्या ‘कांचना’त शरतकुमार यांनी अन्यायाने मारल्या गेलेल्या तृतीयपंथी व्यक्तीची भूमिका केली. ज्या माणसाची रस्त्यात टिंगल होते त्याच्या सुडाच्या बाजूने सगळं थिएटर टाळ्या वाजवताना मी बघितलं आहे. त्याच सिनेमात बायकी चालीवर हशा वसूल करणारे प्रसंगही आहेत. दोन्ही खरं आहे, आणि पुढच्या पानांत मी दोन्ही लिहिलं आहे.

दुसऱ्या भागांची गोष्ट इथून सुरू होते. सिक्वेलची खिल्ली उडवणं सोपं आहे. पण जरा विचार केला तर भूत हाच मुळात दुसरा भाग असतो. माणसाचा पहिला भाग संपला, पडदा पडला, तेरावं झालं, आणि तरी ते परत आलं. का आलं, याचं उत्तर आपल्या आजी-पणजींनी एका वाक्यात देऊन ठेवलंय : इच्छा राहिली होती. मुंज झाली आणि लग्न व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंज्या होतो. बाळंतपणात गेली तर ती हडळ होते. म्हणून दुसऱ्या भागाला मी हाच प्रश्न विचारतो : कोणाची इच्छा राहिली म्हणून हा परत आला? पात्राची राहिली असेल तर सिनेमा उभा राहतो. नुसती निर्मात्याची राहिली असेल, तर उतारा टाकून मोकळं व्हावं.

सॅम रायमी यांचा ‘द ईव्हिल डेड’ १९८१ चा. तुटपुंज्या पैशांत, जंगलातल्या एका केबिनमध्ये केलेला, बऱ्यापैकी गंभीर भयपट. १९८७ चा दुसरा भाग जवळपास तीच गोष्ट पुन्हा सांगतो, पण आता नायकाचा स्वतःचाच हात त्याच्यावर उलटतो आणि त्याच्याच डोक्यात बशा फोडतो. पहिल्या भागात दडून राहिलेला विदूषक दुसऱ्यात बाहेर पडला. रायमींची राहून गेलेली इच्छा हसण्याची होती, असं म्हणता येईल.

‘स्त्री’चं उदाहरण तसंच नेमकं आहे. रात्री दार वाजवणारी बाई आणि ‘उद्या ये’ असं भिंतीवर लिहून तिला रोज टाळणं, ही कर्नाटकातली ‘नाळे बा’ म्हणून ओळखली जाणारी दंतकथा. २०१८ साली ती चंदेरीत नेऊन अमर कौशिक यांनी सिनेमा केला. त्याच्या शेवटी भिंतीवरचं वाक्य बदलतं. जिला टाळायचं तिलाच गाव रक्षण कर म्हणून विनवतं. त्या विनवणीतूनच २०२४ चा दुसरा भाग जन्माला येतो. आधी भीती घालणारीच पुढे राखणदार होते, हे ज्या गावाच्या वेशीवर म्हसोबा आहे त्या गावाला समजावून सांगावं लागत नाही.

याउलट मल्याळमचा ‘मणिचित्रताळु’. तोही १९९३ चाच. त्याची कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’, तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’, हिंदीत ‘भूल भुलैया’ अशी वंशावळ झाली. मूळ गोष्टीचं म्हणणं होतं की भूत नाहीच, आजारी मन आहे. २०२२ साली ‘भूल भुलैया २’ आला तोवर खरंखुरं भूत वाड्यात राहायला आलेलं होतं. पहिल्या भागाने डॉक्टर बोलावला आणि दुसऱ्याने मांत्रिक. प्रेक्षकांना भूत हवं होतं, एवढाच याचा अर्थ असेल तर तो थोडा उदास करणारा आहे.

आणि ‘झपाटलेला २’. त्रिमितीत आलेल्या या सिनेमात तात्या विंचू परत आला, पण लक्ष्या नव्हता. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले होते. गोष्टीत लक्ष्याचा मुलगा आहे, आदिनाथ कोठारे यांनी केलेला. बाहुला त्याच्या मागे लागतो. पांढरकवड्याहून परत येताना माझा मित्र म्हणाला, ‘‘तात्याला काय भ्यायचं, लक्ष्याच दिसत राहिला ना सगळीकडं.’’ त्या सिनेमाबद्दल मी पुस्तकात बरंच कडक लिहिलं आहे. तरी त्यातलं खरं भूत कोणतं, हे मित्राने त्या एका वाक्यात माझ्याआधी सांगून टाकलं. २०२४ च्या तेलुगू दुसऱ्या भागाचं नावच ‘गीतांजली मळ्ळी वच्चिंदी’ आहे, म्हणजे गीतांजली पुन्हा आली. काही माणसं पुन्हा येऊ शकत नाहीत, आणि पडद्यावर ते सगळ्यांत जास्त जाणवतं.

मराठी भूत मात्र नव्या वेशात फिरतं आहे. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ साली ‘झोंबिवली’त डोंबिवलीच्या चकचकीत इमारती आणि शेजारची वस्ती यांच्यामध्ये झोंबी सोडले. २०२४ साली त्यांनीच कोकणातला मुंज्या हिंदीत नेला. पिंपळावरचं आपलं पोरकट, हट्टी, लग्नासाठी हपापलेलं भूत देशभरच्या थिएटरांत गाजलं. आमच्या गावच्या पिंपळाखाली आता मोबाइलवर तेच बघणारी पोरं बसलेली असतात. वर बघायची हिंमत त्यांची होत नाही, असं ती स्वतःच हसत सांगतात.

आता तो राहिलेला शब्द, बाणामती. करणी केली, बाणामती केली या संशयावरून कोणाला मारहाण झाल्याची, जीव घेतल्याची बातमी तेलंगणात आजही येते. नदीपलीकडे महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाल्यावर. ‘झपाटलेला २’ त्याच वर्षीच्या जूनमधला. हे दोन्ही एकापाठोपाठ लिहिताना हात अडखळतो, पण सिनेमातल्या भुताला हसणारा समाज आणि शेजारणीला चेटकीण ठरवणारा समाज एकाच मांडवात बसलेला असतो, हे विसरून या विषयावर लिहिता येत नाही. म्हणून पुस्तकातल्या प्रत्येक सिनेमाकडे बघताना मी एक गोष्ट तपासली आहे : हसण्याचं बोट कोणाकडे आहे? भुताकडे, मांत्रिकाच्या ढोंगाकडे, आपल्याच लटपटत्या गुडघ्यांकडे असेल तर त्या हसण्याने गाव थोडं मोकळं होतं. ज्याच्यावर संशय आहे त्या दुबळ्याकडे असेल, तर तो सिनेमा कितीही कल्ट असो, मी त्याला सोडलेलं नाही.

पुस्तकाची मांडणी सरळ आहे. पहिल्या भागात मराठी सिनेमा, दुसऱ्यात तेलुगू आणि आजूबाजूचा, तिसऱ्यात फक्त दुसरे भाग. कोणी कुठूनही सुरुवात केली तरी चालेल. सिनेमे न बघता वाचलं तरी हरकत नाही. आमच्या तेलुगू मामांनी भाषा न कळता सिनेमा बघितला होता.

आजी जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या दिवाळीला बहीण माहेरी आली होती, आम्ही मिळून जुनं घर आवरलं. भांडी उतरवली, फळी पुसली. बाहुली तिथेच होती, उंदरांनी एक पाय कुरतडलेली, तोंड भिंतीकडे. बहिणीने फडक्याने तिची पाठ पुसली, माझ्याकडे बघून हसली, आणि होती तशीच ठेवून दिली.